मी, लायमन टॅकेटचा मॅग्नम

मित्रांनो, जाणता माणूस मला हातात घेतो तेव्हा आधी माझं चक्र बाजूला काढतो, काडतुसांची सहाही घरं रिकामी आहेत ना ते डोळ्यांनी बघतो, आणि मगच बोलायला तोंड उघडतो. तुम्ही मला हात लावू नका. मीच सांगतो, मी रिकामा आहे. गेली कित्येक वर्षं रिकामाच आहे. तेव्हा निर्धास्त बसा आणि ऐका.

मी जुना रिव्हॉल्वर आहे. माझा निळाकाळा रंग कडांवरून उडाला आहे आणि मुठीच्या अक्रोडी लाकडावरची नक्षी एका बाजूला पार गुळगुळीत झाली आहे. ज्यानं मला पहिल्यांदा कमरेला लावलं त्याची ही गोष्ट आहे. माझीही आहे, पण त्याची जास्त आहे.

माझ्या जन्माआधी अमेरिकेत पोलिसांची मोठी पंचाईत झाली होती. चोर मोटारीतून पळायला लागले होते आणि त्यांच्या मागे लागणाऱ्यांच्या हातात अजून घोडागाडीच्या काळातली पिस्तुलं होती. अडतीस नंबरची साधी गोळी मोटारीच्या पत्र्यावर आपटायची, चपटी व्हायची आणि रस्त्यावर पडायची. मग कारखानदारांनी एक तोडगा काढला. चव्वेचाळीस नंबरच्या दांडग्या सांगाड्यावर अडतीसची नळी बसवली आणि काडतुसात जास्त दारू भरली. ते माझे थोरले भाऊ. त्यांच्या मजबुतीच्या जोरावर हौशी नेमबाज आणि शिकारी घरच्या घरी आणखी दारू ठासून बघू लागले. कुणाचं पिस्तूल टिकलं, कुणाचं तडकलं. त्या सगळ्या खटपटीतून १९३५ साली आमची जात जन्माला आली. आमचं नाव ठेवलं मॅग्नम, म्हणजे मोठा. भारीतल्या मद्याच्या मोठ्या बाटलीला तसं म्हणतात, तिच्यावरून उचललं. मला ते नाव आवडतं. बाटलीचं असलं तरी आवडतं.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढं सगळं तिच्यावरच अडणार आहे. आमचं काडतूस इतकं जोरकस होतं, की ते जुन्या अडतीसच्या पिस्तुलात कुणी घातलं तर पिस्तूल फुटलंच म्हणून समजा. म्हणून काडतुसाची पितळी पुंगळी मुद्दाम थोडी लांब केली. फार नाही, गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढी. जुन्या पिस्तुलाच्या घरात एक बारीक पायरी असते. लांब पुंगळी तिच्यावर अडते, मागं जराशी बाहेर उरते आणि चक्र काही केल्या बंद होत नाही. पिस्तूल बोलू शकत नाही, पण एवढं नाही म्हणू शकतं. ज्यांनी ते सुचवलं त्यांना माझा नमस्कार आहे.

माझा जन्म १९३६ सालच्या वसंतात, मॅसॅच्युसेट्समधल्या एका नदीकाठच्या कारखान्यात झाला. त्या काळी आम्ही ढिगानं बनत नव्हतो. आधी गिऱ्हाइकाची मागणी यायची. नळी किती लांब हवी, मूठ कशी हवी, नेम धरताना तो नळीवरची खूण निशाणाच्या मध्यावर ठेवतो की खाली, हे सगळं विचारून घ्यायचे आणि शेवटी एक माणूस त्या गिऱ्हाइकाच्या सवयीप्रमाणे माझ्यासारख्याचा नेम बसवून द्यायचा. माझा नेम अनातोल गिरार नावाच्या कारागिरानं बसवला. तो गोळी झाडायचा, निशाणाच्या कागदाकडे बघायचा, मागची खूण केसभर सरकवायचा आणि पुन्हा झाडायचा. शेजारचा हेन्री जेवायला निघाला होता.

"अनातोल, अरे किती वेळ? मुलगी सासरी पाठवतोयस का काय?"

"ऑक्लाहोमाला पाठवतोय," अनातोल म्हणाला. "कुणा डेप्युटीच्या कमरेला. तिथं हा चुकला तर तो माणूस तक्रार करायला उरायचा नाही. तू जा, जेव."

हेन्री गेला. अनातोलचं सूप गार झालं, पण मी सरळ मारायला लागलो. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढं माझ्यावर जो आळ आला, तो किती खोटा होता हे तुम्हाला कळावं म्हणून सांगतो.

मला मागवणारा लायमन टॅकेट ऑक्लाहोमातल्या हॅडली गावचा. काउंटीच्या शेरीफच्या, म्हणजे जिल्ह्यातल्या लोकांनी निवडून दिलेल्या पोलीसप्रमुखाच्या हाताखाली डेप्युटी होता. चाळिशीचा, उंच, मितभाषी. आदल्या वर्षी शेजारच्या गावात बँक लुटली गेली. पळणाऱ्या मोटारीवर त्यानं झाडलेल्या गोळ्या दारावर आपटून खाली पडल्या आणि चोरांनी बँकेतल्या कारकुनाला ढालीसारखं मोटारीच्या बाहेरच्या पायरीवर उभं करून नेलं. कारकून पुढं एका शेतात मोडक्या पायानं सापडला. लायमननं रस्त्यावरून आपलीच एक चपटी गोळी उचलली, घरी आणली आणि बायकोच्या पुढ्यात ठेवली. व्हर्नानं ती गोळी उलटीपालटी करून बघितली.

"याहून बरं काही मिळतं का?" तिनं विचारलं.

"मिळतं. पण महाग आहे."

"मागव," ती म्हणाली, आणि विषय संपला.

त्या वर्षी तिथं पाऊस नव्हता. वारा उठला की मातीचा लोट यायचा आणि दाराखिडक्यांना ओली चादर लावली तरी ताटातल्या मक्याच्या भाकरीवर धूळ बसायची. तेल लावलेल्या लोखंडाला धूळ म्हणजे जन्माची वैरीण. लायमन मला दर संध्याकाळी उघडायचा, पुसायचा, नळीतून तारेचा कुंचला फिरवायचा. आमच्या पहिल्या काळातल्या गोळ्यांचं शिसं नळीला चिकटून बसायचं, ते खरवडावं लागायचं. त्यानं कधी आळस केला नाही. माझी उमेदीची वर्षं अशी चांगल्या हातात सुरू झाली.

गावात माझं कौतुकही पुष्कळ झालं. ते व्हायचं न्हाव्याच्या दुकानात. गावची सगळी पुरुषमंडळी तिथं बसायची आणि मला हातात घेऊन वजन करायची. ते दुकान ड्यूई पेटिबोनचं. ड्यूई म्हणजे व्हर्नाचा धाकटा भाऊ. त्यांची आई फ्लूच्या साथीत गेली तेव्हा ड्यूई लहान होता, व्हर्नानंच त्याला वाढवला. आता पंचविशीचा झाला होता. दिवसा लोकांच्या दाढ्या करायचा आणि संध्याकाळी छातीला बिल्ला लावून गावचा पोलीस व्हायचा. हात इतका हलका, की गिऱ्हाईक खुर्चीत झोपी जायचं. तोंड मात्र तितकं हलकं नव्हतं.

ड्यूईकडे आधीच्या पोलिसाकडून आलेलं जुनं अडतीसचं पिस्तूल होतं. त्याची माझी ओळख व्हर्नाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाली. रविवारी दुपारी मेहुणे-मेहुणे तिथं बसून साफसफाई करायचे. ते बापडं वयानं माझ्या आजोबांच्या जागी होतं. पातळ अंगाचं, सज्जन, आपल्या ताकदीनं आयुष्यभर नेकीनं काम केलेलं. जूनमधल्या एका रविवारी लायमननं सहज माझं एक काडतूस त्याच्या चक्रात टाकलं. त्याला वाटलं होतं, अडेल. ते सर्रकन आत गेलं आणि पार बुडापर्यंत बसलं.

लायमनचा हात थांबला. "ड्यूई, हे आत कसं गेलं?"

"जाणारच," ड्यूई खुशीत म्हणाला. "घरं वाढवून घेतलीत. कार्ल्टनला एक मिस्तरी आहे, त्यानं आतली ती पायरी खरवडून काढली. आता माझंही मॅग्नमच."

"मॅग्नम नाही ते. जुनंच पिस्तूल आहे, फक्त त्याची नाही म्हणायची सोय तू काढून टाकलीस."

"हे बघ, मी झाडल्यात त्यातून. चांगल्या तीन-चार. काही झालं नाही."

"रिकाम्या पुंगळ्या सहज निघाल्या?"

ड्यूईनं डोकं खाजवलं. "जरा अडकल्या. पेन्सिलीनं ठोकून काढल्या."

व्हर्ना चुलीपाशी घेवड्याच्या शेंगा बरण्यांत भरून वाफेच्या मोठ्या भांड्यात ठेवत होती. ती तिथूनच वळली.

"म्हणजे आतून फुगतंय ते," ती म्हणाली. "ड्यूई, माझ्या या भांड्याचं झाकण जरा वाकडं बसलं तरी मी ते चुलीवर ठेवत नाही. तुला काय, हात नकोसे झालेत?"

"ताई, शेंगा वेगळ्या आणि बंदूक वेगळी."

"वाफ ती वाफच. ती कशातनं तरी बाहेर येते."

"तुमच्या घरात मॅग्नम आहे म्हणून तुम्हाला बोलायला सोपं जातं," ड्यूई म्हणाला, आणि त्याचा चेहरा लाल झाला. लायमननं मला त्याच्या दिशेनं टेबलावरून सरकवलं.

"हे घे. तू हे वापर, मी ते घेतो."

"भीक नको मला," असं म्हणून ड्यूईनं टोपी उचलली आणि तो निघून गेला. टेबलावर आमची भेट ती शेवटचीच. मला त्या म्हाताऱ्या पिस्तुलाची फार दया आली. त्यानं कधी मोठं व्हायला मागितलं नव्हतं.

गोष्ट इथंच थांबती तर लायमननं हळूहळू मन वळवलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी ड्यूईच्या जिभेनं घात केला. चार जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, हॅडलीत ओढ्याकाठच्या कुरणात मोठी जत्रा भरायची. तळलेली कोंबडी, कलिंगडं, लिंबाचं सरबत, आणि दुपारी नेमबाजी. त्या वर्षी एक मोडकी मोटार ओढून आणायची आणि काउंटीतल्या कायद्याच्या माणसांनी तिच्या दारावर नेम मारायचा, असं ठरलं होतं. नवं मॅग्नम काय करतं ते लोकांना बघायचं होतं. दुकानात त्यावर गप्पा रंगल्या. खुर्चीत हार्लन स्ट्राउड बसला होता. त्याचं जनावरांच्या खाद्याचं दुकान होतं आणि म्हातारा शेरीफ निवृत्त होत असल्यामुळे तो आणि लायमन त्या जागेसाठी एकमेकांसमोर उभे होते. मतदान जत्रेनंतर तीनच दिवसांनी होतं.

"लायमनचं पिस्तूल दार फोडेल," हार्लन म्हणाला. "पण ड्यूई, तू आपला फुटाणे उडव हं. मुलांना गंमत."

सगळे हसले. ड्यूईनं वस्तरा पट्ट्यावर जोरानं ओढला आणि म्हणाला, "माझं जुनंच पिस्तूल त्या दाराच्या आरपार भोक पाडेल. पाडलं नाही तर वर्षभर तुझी दाढी फुकट."

एवढ्या माणसांदेखत बोलल्यावर माघार कसली घेतोय.

व्हर्नाला हे कळलं तेव्हा ती अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं हातातली चादर तशीच टोपलीत टाकली. मी लायमनच्या कमरेला होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"घे त्याच्याकडून ते. काहीही कर, पण घे."

"कसं घेऊ, व्हर्ना? इथं माणसाचं पिस्तूल दोघंच काढून घेतात. नोकरीवरून काढणारा आणि त्याचं मढं आवरणारा."

"मग दुसरा येण्याआधी पहिला तू हो."

"झालो, तर तो जन्मात तोंड दाखवणार नाही. आणि आठ दिवसांत दुसरं जुनं आणून पुन्हा त्याच मिस्तरीकडे जाईल. तुझाच भाऊ आहे, तुला माहीत नाही?"

व्हर्ना खांबाला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं आणि राग येत होता. "मी त्याला हात धरून चमच्यानं जेवायला शिकवलंय, लायमन. त्या हातावर त्याचं पोट आहे. मला तो हात सगळ्या बोटांसकट हवाय, बाकी मला काही कळत नाही."

लायमन टोपलीशी वाकला. मग त्यानं ती चादर टोपलीतून उचलली आणि स्वतःच वाळत घातली.

चार जुलैला उन्हानं जमीन तापली होती. सगळी काउंटी लोटली होती. बायका छत्र्या घेऊन झाडांखाली, पुरुष दोरीच्या अलीकडे, आणि पलीकडे मातीच्या दरडीसमोर ती मोडकी मोटार. आधी लायमनची पाळी आणि त्याच्यामागून ड्यूईची. ड्यूईनं आपलं पिस्तूल भरलं तेव्हा मी बघितलं, सहाही घरांत माझीच लांब काडतुसं होती. व्हर्ना दोरीपाशी पुढं येऊन उभी होती. तिनं सरबताचा पेला घेतला होता पण ओठाला लावला नव्हता.

लायमन पुढं झाला. त्यानं हात उचलला. मी दाराकडे बघितलं, दार स्वच्छ दिसत होतं, एवढ्या अंतरावरून मी ते डोळे मिटून फोडलं असतं. आणि मित्रांनो, अगदी शेवटच्या क्षणी लायमनच्या मनगटानं मला डावीकडे ढकललं. चुकून नाही. मला त्याचा हात पाठ होता. त्यानं मला जाणूनबुजून ढकललं.

मागच्या दरडीतून माती उडाली. दार जसंच्या तसं.

लायमननं पुन्हा झाडली. पुन्हा माती. तिसऱ्यांदाही तेच. कुणीतरी हसलं, मग पुष्कळजण हसले.

"लायमन, मोटार इकडं आहे रे," हार्लन ओरडला. "तिकडं तर ओढा आहे. बेडकांनी काय गुन्हा केलाय?"

मला किती लाज वाटली म्हणून सांगू. अनातोलनं सूप गार करून बसवलेला माझा नेम, आणि साऱ्या जगासमोर मी आंधळा ठरलो होतो. मला लायमनचा भयंकर राग आला. मी लोखंड आहे. मला तेव्हा काही उमगलं नाही.

लायमननं मान खाली घातली. रुमालानं डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ड्यूई, जरा इकडं ये. मला काही समजेना. हे पिस्तूल बिघडलंय की माझे डोळे? तुझी नजर चांगली आहे. तू झाडून बघ आणि मला खरं ते सांग."

आता हे उपकार नव्हते. ही मदत होती, आणि साऱ्या गावासमोर मागितलेली. ड्यूई गोंधळला. त्यानं आपलं पिस्तूल म्यानात टाकलं आणि मला हातात घेतलं. त्याचा तळवा घामानं ओला होता. त्यानं नेम धरला, आणि मी उरलेल्या तिन्ही गोळ्यांनी ते दार आरपार फोडलं. पलीकडचं दारही फोडलं. पत्र्याचा असा आवाज झाला की झाडाखालची घोडी बिचकली. लोकांनी टोप्या उडवल्या.

"पिस्तूल झकास आहे, लायमन," ड्यूई म्हणाला. तो एकीकडे खूश होता आणि एकीकडे त्याला मेहुण्याचं वाईटही वाटत होतं. "एकदम सरळ मारतंय."

"म्हणजे डोळेच," लायमन म्हणाला. "मग मी हे बाळगून काय करू? चालवणाऱ्याच्या हातात असलेलं बरं. हे तू घे, तुझं मला दे. अदलाबदल. वर काही देणंघेणं नाही."

त्यानं हात पुढं केला. त्या मुलखात भर लोकांत हात मिळवून केलेली अदलाबदल म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती कुणी नाकारत नाही, नाकारली तर समोरच्याचा अपमान होतो. ड्यूईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लायमनकडे, आणि हात मिळवला. दोरीपाशी व्हर्नानं पेला एका दमात रिकामा केला.

ड्यूईची पाळी माझ्याच हातून होऊन गेली होती. त्या जुन्या पिस्तुलाला कुणी बोलावलंच नाही, आणि दाढीची पैजही तिथंच विरली.

तीन दिवसांनी मतदान झालं. न दिसणाऱ्याला शेरीफ कोण करणार? हार्लन स्ट्राउड निवडून आला. लायमन त्याच्या हाताखाली डेप्युटी राहिला आणि मी ड्यूईच्या दुकानात, आरशाशेजारच्या खुंटीवर लटकू लागलो. मला सगळे वाखाणत होते. "बिचाऱ्या लायमननं किती दिवस या सोन्यासारख्या पिस्तुलाला दोष दिला असेल," असं म्हणत होते. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी नळी पुसायला लायमनचा तळवा यायचा नाही, आणि मला करमायचं नाही.

लायमन दर शनिवारी दाढीला यायचा. लोक त्याला सोडायचे नाहीत.

"लायमन, खुर्ची दिसतेय ना? का हात धरून आणू?"

"त्याला वस्तरा दाखवू नका रे, घाबरेल. कुठनं येतोय ते दिसायचं नाही."

तो हसायचा आणि बसायचा. ड्यूईसुद्धा हळूहळू त्यात सामील झाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण गिऱ्हाइकाला हसवायची सवय लागलेली.

ऑगस्टातल्या एका शनिवारी हार्लन खुर्चीत होता, अर्धी दाढी झालेली. लायमन बाकावर वाट बघत होता. ड्यूई म्हणाला, "लायमन, आता चष्मा घेच. नाहीतर एक दिवस ताईला सोडून शेजारणीच्या घरात शिरशील."

दारात व्हर्ना उभी होती. तिच्या हातात बरण्यांची टोपली होती. त्या गावात बाई न्हाव्याच्या दुकानात पाऊल टाकत नसे, बाहेरूनच निरोप द्यायची. व्हर्ना आत आली. तिनं टोपलीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि आरशासमोर, तेलाच्या बाटल्यांमध्ये ठेवलं.

"व्हर्ना," लायमन म्हणाला. "तू मला कुणाला न सांगण्याचा शब्द दिला होतास."

"दिला होता. आज मोडला."

तिनं फडकं उलगडलं. मी वरून बघितलं आणि त्याला ओळखलं. ते माझ्यासमोर टेबलावर बसणारं म्हातारं पिस्तूल होतं. त्याचं चक्र अर्धं उडालं होतं, वरची पट्टी फाटून उभी राहिली होती आणि घोड्याची जागा मोकळी होती.

"हे तुझं आहे, ड्यूई," व्हर्ना म्हणाली. "मतदानाच्या दुसऱ्या दिवशी लायमननं ते ओढ्यात नेलं, जुन्या टायरला बांधलं आणि लांबून दोरीनं चाप ओढला. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरीला हे असं झालं. चक्राचा एक तुकडा झाडाच्या खोडात इतका खोल बसलाय की पक्कडीनं निघेना. जत्रेत तू सहा भरल्या होत्यास."

ड्यूई त्या लोखंडाकडे बघत राहिला. मग त्यानं वस्तरा धरलेल्या आपल्या हाताकडे बघितलं. त्याला सगळं एकदम कळलेलं मला दिसलं, ती दरडीतली माती, ते रुमालानं डोळे पुसणं, सगळं. त्याचा हात थरथरायला लागला. त्या हाताला थरथरताना गावानं तोवर कधी बघितलं नव्हतं.

"तू मुद्दाम चुकलास," तो म्हणाला.

"गप बस, ड्यूई. दाढी कर त्याची."

"शेरीफ होणार होतास तू."

"झालो असतो, कदाचित नसतोही. कुणाला माहीत," लायमन म्हणाला. तो बायकोवर रागावला होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणीही होतं.

ड्यूईनं मला खुंटीवरून काढलं आणि दोन्ही हातांनी लायमनसमोर धरलं. मनातून मला जायचं होतं. देवाशपथ जायचं होतं. लायमननं माझ्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला.

"अदलाबदल झाली ती झाली," तो म्हणाला. "हात मिळवलाय आपण."

मग ड्यूई खुर्चीकडे वळला आणि त्यानं टॉवेलनं हार्लनच्या गालावरचा साबण पुसून टाकला.

"उठा, शेरीफसाहेब."

"अरे, अर्धी राहिलीय."

"कार्ल्टनला करून घ्या. बारा मैल तर आहे. आणि आजपासून ज्याला लायमनच्या डोळ्यांबद्दल बोलायचंय त्यानं तिकडंच जायचं. तिथला न्हावी बहिरा आहे, पाहिजे तेवढं बोला."

कुणी हसलं नाही. हार्लन एका गालानं गुळगुळीत आणि एका गालानं खरबरीत असा उठला, पण जाताना त्यानं दारात टोपी काढली, तीही लायमनकडे बघून. लायमन खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं मान मागं टाकली.

"माझा हात हलतोय, लायमन," ड्यूई म्हणाला. "आज नको."

"थांबेल. मला घाई नाही."

तो गळा उघडा टाकून, डोळे मिटून पडून राहिला. ड्यूईनं साबण लावला, पुसला, पुन्हा लावला. बऱ्याच वेळानं तो हात स्थिर झाला. व्हर्ना बाकावर बसून बघत होती, आणि तिला कुणी बाहेर जा म्हटलं नाही.

पुढं मी ड्यूईच्या कमरेला पुष्कळ वर्षं काढली. तो मला लायमनसारखाच रोज पुसायला लागला. मग महायुद्ध आलं आणि आमच्यासारखे मागणीप्रमाणे घडवलेले मॅग्नम बनणं थांबलं. युद्धानंतरचे भाऊ कारखान्यातून जथ्यानं निघाले. पुढं चव्वेचाळीस नंबरचा मॅग्नमही आला, माझ्याहून कितीतरी दांडगा. त्याचंही काडतूस बनवताना जुन्या चव्वेचाळीसच्या पिस्तुलात बसू नये म्हणून पुंगळी लांब केली. हे ऐकून मला समाधान वाटलं. माणसं काही गोष्टी विसरत नाहीत. मधली काही वर्षं मी एका ओलसर पेटीत विसरला गेलो आणि माझ्या अंगावर गंजाचा डाग पडला, तो अजून आहे. आता ड्यूईच्या नातीच्या घरी लोखंडी कपाटात, कुलपाआड असतो. कुलूप पाहिजेच. त्याचं मला वाईट वाटत नाही.

मित्रांनो, कुठं बंदूक पडलेली दिसली तर तिला हात लावू नका, मोठ्या माणसाला हाक मारा. कुठल्याही वस्तूला तिच्या अंगापेक्षा जास्त जोर लावू नका. ती नाही म्हणत असेल तर कानस घेऊन तिची ती पायरी घासू नका. एवढं तर कुठलंही जुनं लोखंड सांगेल.

मला त्यावर आणखी एकच मागणं मागायचं आहे. तुमच्या जवळचा कुणी अशा एखाद्या चुकीच्या वाटेला लागला, तर त्याला वाचवा. मात्र चारचौघांत त्याची मान खाली जाईल असं करू नका. हे फार अवघड असतं. लायमनला त्यासाठी साऱ्या काउंटीसमोर स्वतःची मान खाली घालावी लागली होती.